ओके खालूनच म्हणतात

उपकेंद्रात ऑपरेटरला काम तरी काय असतं, असं कुणी विचारलं की तानाजी म्हणायचा, "ओके लिहायचं." ते काही अगदीच खोटं नव्हतं. दर तासाला काटे बघायचे, व्होल्ट किती, अँपिअर किती ते तक्त्यावर टिपायचं आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीतली दोन अक्षरं काढायची. पाळी आठ तासांची, म्हणून ओके आठ. नऊ वर्षं कंत्राटावर आणि दोन वर्षं कायम होऊन, अशी अकरा वर्षं त्यानं ही अक्षरं इतक्यांदा काढली होती की घरी किराणाच्या यादीखालीसुद्धा त्याचा हात आपोआप ओके लिहून मोकळा व्हायचा. मग त्याची बायको वनमाला म्हणायची, "साखर राहिली, आन् म्हणं ओके."

हे उपकेंद्र नांदूरघाट गावाच्या पलीकडे, तिथून दीड किलोमीटरवर माळावर. आवारात तारा आणि लोखंड, बाजूला एक खोली. खोलीला एक दार, गज लावलेली एक खिडकी आणि भिंतीला लागून कपाटाएवढी पॅनलं. गावात वीज नसली तरी इथला पंखा फिरतो, या एकाच कारणासाठी विठ्ठलराव सर रोज अकराच्या सुमारास छत्री टेकत यायचे. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. तानाजीही त्यांचाच विद्यार्थी, आणि इंग्रजीत पस्तिसाच्या वर कधी न गेलेला.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, सर ओकेला लागले. हा शब्द आला कुठून, याची त्यांनी दोनशे पानी वही केली होती. कुणी म्हणतं तो अमेरिकेतल्या मूळच्या लोकांच्या भाषेतला, कुणी म्हणतं ग्रीक, कुणी स्कॉटलंडकडे बोट दाखवतं. सरांचा स्वतःचा कौल मात्र ठाम होता. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम गावठी करून लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापून हसायचं. 'सगळं बरोबर', म्हणजे इंग्रजीतल्या 'ऑल करेक्ट'चं, असंच चुकीच्या स्पेलिंगनं वाटोळं करून त्यांनी ओके काढलं. पुढच्या वर्षी निवडणूक आली, एका उमेदवाराच्या गावावरून पडलेल्या टोपणनावाची आद्याक्षरंही नेमकी तीच निघाली, आणि गंमत मरायची ती अमर झाली.

"म्हणजे बघ तानाजी," सर म्हणायचे, "बाकीची सगळी विनोदी रूपं मेली. हे एकच जगलं."

तानाजीला त्या वहीतलं सातव्या पानावरचं तेवढं आवडायचं. लढाईवरून पलटण परत आली की मेलेल्यांचा आकडा फळीवर लिहीत. कुणीच मेलं नसेल तर शून्य आणि पुढं 'किल्ड'चं पहिलं अक्षर. झिरो किल्ड. सर त्याला बाजारगप्पा म्हणायचे, पुरावा नाही म्हणून पेन्सिलीनं खोडायचे. तानाजीला मात्र तो शेरा आपल्या तक्त्यासाठीच केलाय असं वाटायचं.

त्या मंगळवारी अकराला दहा कमी असताना राधाकिशनचा फोन आला. राधाकिशन म्हणजे या भागाचा लाईनमन. वय छप्पन्न, गुडघे गेलेले, निवृत्तीला दोन वर्षं. "तानाजी, पाझर तलावाजवळच्या खांबावरची जंपची तार तुटलीय. शेतीची लाईन बंद कर. अनिल चढतोय."

"तुमी हाव का तिथं?"

"मी येतोच हाय मागून. तू बंद तर कर."

हा 'मागून येतो' तानाजीला चांगला ठाऊक होता. राधाकिशन चार वर्षांत खांबावर चढला नव्हता. त्याच्याऐवजी चढायचा अनिल. अशा पोरांना सगळा मुलूख 'झिरो' म्हणतो. झिरो वायरमन. कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव नाही, अंगावर गणवेश नाही, विमा नाही. लाईनमन पदरचे चार पैसे देतो आणि ते चढतात. अनिल त्यांच्यातला सगळ्यात हुशार, सगळ्यात सावध, आणि तरीही झिरोच.

नियम असा, की परमिटच्या पुस्तकात चढणाऱ्याचं नाव, वेळ आणि सही झाल्याशिवाय लाईन बंद करून कुणाला चढवायचं नाही. झिरोचं नाव पुस्तकात कसं लिहिणार? मग सगळं तोंडी. मागच्या साली दुसऱ्या एका तालुक्यात असाच एक पोरगा तारेला चिकटून गेला, तेव्हापासून कंपनीचं पत्रच आलं होतं: बाहेरचा माणूस खांबावर आढळला तर ऑपरेटर आणि लाईनमन दोघंही निलंबित. पत्र फळ्यावर टाचणीला लटकत होतं आणि त्याखाली काम पूर्वीसारखंच चाललं होतं.

पण तानाजी बेफिकीर नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं पॅनलची मूठ फिरवून लाईन बंद केली आणि खिशातला हातरुमाल, म्हणजे दस्ती, काढून मुठीला दोन गाठी मारून बांधली. 'माणसे काम करीत आहेत' अशी सरकारी पाटी असायला हवी होती. ती कधीच गहाळ झालेली. ज्यानं दस्ती बांधली त्यानंच सोडायची, आणि तीही चढलेल्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून ओके ऐकल्यावर. मेसेज चालणार नाही, दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही. हे त्याचं आणि अनिलचं ठरलेलं होतं.

"आणि तो तारेवरूनच ओके म्हणाला तर?" तेवढ्यात येऊन बसलेल्या सरांनी हे ऐकून विचारलं.

"म्हणताच येत न्हाई, सर. फोन खाली गाडीच्या डिकीत ठेवायचा, हा पयला नियम. खाली उतरल्याबिगर फोन हातात येत न्हाई. आमच्यात ओके म्हंजी माणूस जमिनीवर हाय."

सरांनी ते वहीत चौदाव्या क्रमांकावर टिपलं आणि पुढं कंसात लिहिलं: अर्थ आहे, व्युत्पत्ती नाही.

सव्वाअकराला ट्रॅक्टर आला. त्याच्या मागं दुसरा. ट्रॉल्यांतून साठ-सत्तर माणसं उतरली, बाया वेगळ्या. सगळ्यांत पुढं अर्जुनराव. अर्जुनराव म्हणजे गावचा पुढारी, पण हा नुसता पांढऱ्या कपड्यातला पुढारी नव्हता. त्याचं चार एकर टरबूज होतं आणि तीन दिवस त्याला पाणी नव्हतं. मागचा आठवडाभर वीज रात्री मिळालेली. रात्रीच्या पाळीत पाणी धरताना त्याच्या सालगड्याला विंचू चावलेला. या आठवड्यात दिवसा मिळणार म्हणून सगळी माणसं वाट बघून होती, तर दिवसाही नाही. रागाला कारण होतं, हे तानाजीलाही कबूल होतं.

अर्जुनराव तिघांना घेऊन आत आला, टेबलावरचे दोन्ही फोन उचलले, तानाजीचा मोठा आणि सरांचा साधा.

"पोलीस बोलवताल म्हणून घेतले. काम झालं की देतो. सर, तुमी बाहेर या."

"मी बसतो," सर म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक पंख्यामुळं.

"बसा मग." अर्जुनराव बाहेर गेला आणि दाराला बाहेरून कुलूप पडलं. घरून आणलेलं, कडीकोयंड्याचं जाड कुलूप. मग तो खिडकीशी आला. "हां, तानाजी. सोड लाईन. लाईन सुटली की कुलूप निघंल."

"फॉल्ट हाय, दादा."

"कशाचा फॉल्ट?"

खरं काय ते सांगायचं तर एका वाक्यात सांगता येत होतं, पण त्या वाक्याच्या पोटात त्याची नोकरी होती. शिवाय दुसरीच एक गोष्ट आड येत होती. खिडकीतून त्याला बायांच्या घोळक्यात सिंधुबाई दिसली होती. सिंधुबाई अर्जुनरावाच्या रानात खुरपायला जायची. आज मालकानं गर्दी भरायला सगळ्या मजुरांना ट्रॉलीत घातलं होतं, त्यात तीही आली होती. पदर खोचून, मूठ वर करून ती बाकीच्या बायांबरोबर ओरडत होती, "लाईन सोडा! लाईन सोडा!"

सिंधुबाई म्हणजे अनिलची आई.

आईला अनिलनं, आणि राधाकिशननंही, सांगितलं होतं की अनिल फक्त शिडी धरतो. तानाजीला त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, माय इचारील तर शिडीच सांगा. न्हाईतर ती जेवायची न्हाई." आणि आता तीच माय घशाच्या शिरा ताणून लाईन मागत होती. तो खिडकीपासून मागं सरला.

"सर, आता काय करू?"

"खरं सांग," सर म्हणाले.

सरांना सांगायला काय जात होतं? त्यांचं निवृत्तिवेतन चालू होतं. पण ते बरोबर बोलत होते, म्हणून तानाजीला त्यांचा आणखी राग आला.

बाहेर अर्जुनरावानं पुतण्याला पुढं बोलावलं. आदिनाथ. जळलेल्या मोटारींत तारेचे वेढे भरायचं दुकान, आयटीआय झालेला, पॅनल म्हणजे काय ते कळणारा. "अर्धा तास देतो," अर्जुनराव म्हणाला. "बाराच्या ठोक्याला कुलूप काढतो आन् आदिनाथ आत येतो. तुला जमत न्हाई तर तो सोडंल. काय रे, जमतंय न्हवं?"

"मूठ फिरवायची, त्यात काय," आदिनाथ म्हणाला.

तानाजी दाराकडे धावला आणि आतून कडी घातली. बाहेरून त्यांचं कुलूप, आतून त्याची कडी. मग खिडकीचे गज धरून तो एका दमात बोलून गेला, "दादा, लाईनवर माणूस हाय."

हशा पिकला. चांगला साठ-सत्तर माणसांचा हशा.

त्याचं असं होतं, की हे वाक्य तानाजीचंच होतं, आणि त्यानंच ते झिजवून टाकलं होतं. वरून लोडशेडिंगचा हुकूम आला की फोनवर शिव्या ऐकायच्या कोणी? साध्यासुध्या कारणावर शेतकरी ऐकत नाही, पण 'लाईनवर माणूस हाय' म्हटलं की बिचारा गप्प बसतो. जिवापुढं कोण बोलणार? म्हणून इथले ऑपरेटर सर्रास ते सांगतात आणि तानाजी तर पावशेर जास्तच सांगायचा. लांडगा आला रे आला. कालच त्यानं अर्जुनरावाला हेच सांगितलं होतं.

"काल मी गेलतो बघायला," अर्जुनराव म्हणाला. "तीन किलोमीटर. खांबावर कावळा बी न्हवता. आज परत जाऊ व्हय?"

"आज खरं हाय. पाझर तलावाजवळचा खांब. तुमच्या हातात माझा फोन हाय, राधाकिशनला लावा."

"लावला की तुझाच माणूस, तो म्हणणारच, वर माणूस हाय म्हणून. कावून येडं समजतोस आमाला?"

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली आणि तानाजीच्या जिवात जीव आला. राधाकिशन आला होता. कुणीतरी फोन करून त्याला बोलावून घेतलेलं. आता तो एक शब्द बोलला की संपलं.

अर्जुनराव वळला. "राधाकिशन, लाईनमन तूच न्हवं? तू तर हितं उभा. मग लाईनवर कोण हाय?"

राधाकिशननं खिडकीकडं पाहिलं. तानाजीनं गजांतून मान हलवली, सांग म्हणून. राधाकिशनची नजर तिथून बायांच्या घोळक्याकडं गेली, मग स्वतःच्या चपलांकडं. दोन वर्षं राहिली होती त्याची. मुलगी लग्नाची होती. हे सगळं तानाजीला माहीत होतं, आणि तरीही तो गज धरून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला.

"माझं कुणी न्हाई वर," राधाकिशन म्हणाला. "मी तर हितं हाय."

"ऐकलंस?" अर्जुनराव म्हणाला.

तानाजीनं घड्याळ पाहिलं. बाराला अठरा मिनिटं. माळावरच्या त्या खोलीत पंखा फिरत होता आणि तानाजीचा सदरा पाठीला चिकटला होता. मुठीवरची दस्ती वाऱ्यानं जराशी हलत होती. आदिनाथ आत आला तर दोन गाठी सोडायला त्याला किती वेळ लागेल, हे तो मोजू लागला आणि मोजता मोजता त्याला एकदम रडू फुटलं. अकरा वर्षांत तो नोकरीवर रडला नव्हता.

"अरे, पुस्तक असेल ना तुमचं," सर हळूच म्हणाले. "लेखी असलं की लोक मानतात. छापलेलं मानतात. माझा आयुष्यभराचा अनुभव आहे."

"पुस्तकात न्हाई त्याचं नाव."

"मग लिही."

तानाजीनं नाक पुसलं. परमिटचं पुस्तक कपाटावर होतं, पानांना छापील आकडे असलेलं, एक पान फाडलं तरी साहेबाला कळेल असं. त्यानं ते उघडलं. पेन हातात घेतल्यावर त्याला पत्रातलं निलंबन आठवलं, वनमाला आठवली, घराचं अर्धवट राहिलेलं प्लॅस्टर आठवलं. मग त्यानं सावकाश, शाळेत काढायचा तसं अक्षर काढून लिहिलं: खांबावर चढलेल्या इसमाचे नाव, अनिल बन्सी ओव्हाळ. वेळ, दहा पन्नास. परवानगी तोंडी. कुणाच्या सांगण्यावरून, राधाकिशन, लाईनमन. खाली स्वतःची सही केली आणि पुस्तक गजांतून बाहेर दिलं.

"वाचा मोठ्यानं."

अर्जुनरावानं पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं. "शाई वली हाय. आत्ता लिवलंस."

"व्हय. आत्ताच लिवलं. ते लिवलं म्हणून माझी नोकरी चालली, दादा. खोट्यापायी कोण असं लिवंल? वाचा."

अर्जुनरावानं वाचलं. त्याचा आवाज सभेतला, माळभर जाणारा. "अनिल बन्सी ओव्हाळ."

घोषणा थांबल्या. मागच्या बायांतून सिंधुबाई पुढं आली. माणसं आपोआप बाजूला झाली, कारण त्यांना नाव कळलं होतं आणि ती कोण आहे हेही ठाऊक होतं.

"काय नाव वाचलं, मालक?"

अर्जुनरावानं परत वाचलं. या वेळी आवाज माळभर गेला नाही.

सिंधुबाई राधाकिशनकडं वळली. "अण्णा, तुमी म्हणलावता, शिडी धरतो."

राधाकिशन आपल्या मोटरसायकलीकडं सरकला. तोंडानं त्यानं काही कबूल केलं नाही, पण आता त्याच्या बोलण्याची कुणाला गरज उरली नव्हती. आदिनाथ, जो मघापर्यंत बाह्या सारून उभा होता, तो गुपचूप ट्रॅक्टरच्या पलीकडं जाऊन थांबला.

"फोन लावा त्याला," सिंधुबाई म्हणाली.

अर्जुनरावानं खिशातून तानाजीचा फोन काढला, खिडकीपाशी धरून तानाजीच्या अंगठ्यानं उघडून घेतला. नाव सापडलं, 'अनिल झिरो'. त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद पडली. परत लावला. परत तेच.

"उचलत न्हाई," अर्जुनराव म्हणाला, आणि आपण काय करायला निघालो होतो हे त्याला आत्ता, या घंटीत, कळलं.

"उचलणार न्हाईच," तानाजी आतून ओरडला. "फोन खाली डिकीत असतोय. तो वर हाय. मावशी, लाईन बंद हाय. माझ्या हातानं बंद केलीय. त्याला काय होत न्हाई."

पण पोराच्या आईला बंद लाईन म्हणजे काय कळावं? तिनं अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या तोंडानं लाईन मागितली होती, तेवढंच तिला कळत होतं. ती दारापाशी गेली आणि कुलपाला पाठ लावून पायरीवर बसली. "आता कुणी आत जायचं न्हाई," ती म्हणाली. तिनं हे कुणाकडंही न बघता म्हटलं. ज्यांच्या रानात ती खुरपायची, ज्यांच्या बांधावर ती दुपारची भाकरी खायची, ते सगळे समोर उभे होते आणि कुणाची पुढं यायची छाती झाली नाही.

कुणी खांबाकडं जायला निघालं, तर तानाजीनं आतून अडवलं, कामात असलेल्या माणसाचं लक्ष उडायला नको म्हणून. बारा वाजले. साडेबारा झाले. ऊन डोक्यावर आलं. सत्तर माणसं त्या एका फोनकडं बघत उभी होती आणि आत दोघं. घराघरात नुसती भांडणं लावणारं ते यंत्र एवढं गप्प कुणी पाहिलं नव्हतं. तानाजीला वाटलं, आपण सगळेच कोंडले गेलोय. कुलूप त्या एका दाराला असलं म्हणून काय झालं.

बाराला पस्तीस मिनिटं होऊन गेल्यावर फोन वाजला.

अर्जुनरावाच्या हातातून तो पडता पडता राहिला. त्यानं बटण दाबलं. तारांच्या मागं वारा असावा असा आवाज आला, आणि मग अनिलचा, जरा दमलेला, नेहमीचा आवाज. "साहेब, ओके."

सिंधुबाई पायरीवरून उठली. तिनं फोनकडं पाहिलं, अर्जुनरावाकडं पाहिलं, आणि मग खिडकीतल्या विठ्ठलराव सरांकडं, कारण इतक्या लोकांत इंग्रजी शिकवलेला माणूस तो एकच होता.

"सर, ओके म्हणतोय. वरनं म्हणतोय का खालनं?"

सरांच्या काखेत दोनशे पानी वही होती. बोस्टन होतं, ग्रीस होतं, निवडणूक होती. त्यांनी वही काखेतच राहू दिली.

"खालून, सिंधुबाई. ओके खालूनच म्हणतात. उतरला तो."

तानाजीनं गजांतून हात बाहेर काढून फोन घेतला. पुढचं त्यानं रोजच्यासारखं केलं, कारण रोजच्यासारखंच करायचं असतं. "अनिल, किती चढलेते?"

"एक चढला, एक उतरला. अर्थिंगची साखळी काढली. ओके, साहेब. कावून एवढी माणसं बोलतेत तिकडं?"

"ये तू हिकडं," तानाजी म्हणाला. त्यानं दस्तीच्या दोन्ही गाठी सोडल्या, तिनंच तोंड पुसलं आणि मूठ फिरवली. पॅनलवरचा, लाईन चालू असल्याचा, तांबडा दिवा लागला.

पुढं जे झालं ते आपल्या लोकांना शोभणारंच झालं. लाईन आली म्हणताच माळ दोन मिनिटांत रिकामा झाला. ज्याला त्याला आपली मोटार दिसू लागली. ट्रॅक्टर उडाले, मोटरसायकली उडाल्या, त्यात राधाकिशनचीही. अर्जुनरावानं जाताना सरांचा फोन आणि परमिटचं पुस्तक खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, "चुकलं आमचं" असं काहीसं पुटपुटला आणि गेला. टरबुजाची घाईच तशी होती. धूळ बसल्यावर तानाजीनं आतली कडी काढली, दार ओढलं आणि मग त्याला कळलं. कुलूप तसंच होतं. किल्ली अर्जुनरावाच्या खिशात, आणि अर्जुनराव चार एकराच्या दुसऱ्या टोकाला.

"व्वा," सर म्हणाले आणि परत खुर्चीत बसले.

वीस मिनिटांनी अनिल आला. हाताला ग्रीस, कपाळावर शिरस्त्राणाचा वळ. पायरीवर आई बघून तो जागीच थांबला. सिंधुबाईनं त्याचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे केले, बोटं एकेक करून दाबून बघितली, आणि मग एक सणसणीत त्याच्या पाठीत घातली. "शिडी धरतोस व्हय रे?" एवढंच ती बोलली आणि पायरीवर बसून हमसून रडली.

अनिलनं खिडकीतून पुस्तक वाचलं. स्वतःचं नाव त्यानं बराच वेळ बघितलं.

"खोडा की, साहेब."

"पानाला नंबर हाय."

"माझं नाव लिवलं म्हंजी उद्यापासनं मला कुणी चढू देणार न्हाई. कुठल्याच लाईनमनची छाती व्हायची न्हाई."

"व्हय."

"आन् तुमचं?"

"चिठ्ठी येईल आठ दिवसांत."

अनिल चिडला. त्याचं चिडणं खरं होतं. त्याला जगायला तेवढं एकच काम येत होतं, आणि त्याला वाचवायच्या नादात तेच गेलं होतं. "मग मला वाचवून काय मिळालं तुमाला?" तो म्हणाला. तानाजीनं परमिट परत केल्याचा रकाना बोटानं दाखवला आणि पेन बाहेर दिला. अनिलनं कठड्यावर पुस्तक टेकवून सही केली. कंपनीच्या पुस्तकातली त्याची पहिली आणि बहुधा शेवटची सही, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

"किल्ली आणतो," तो म्हणाला आणि गाडीला लाथ मारून अर्जुनरावाच्या रानाकडं गेला.

एक कधीच वाजून गेला होता. तानाजीनं एकचे आकडे तक्त्यावर टिपले, शेऱ्याच्या रकान्यापाशी आला आणि थांबला. सगळं बरोबर, असं लिहायला आज त्याचा हात धजेना. सरांनी वही उघडून चौदाव्या क्रमांकापुढचा कंस खोडला आणि ती मिटून ठेवली. सिंधुबाई बाहेर कुलपाला पाठ लावून बसली होती, रस्त्याकडं डोळे लावून. आत दोन माणसं अजून कोंडलेलीच होती.

बऱ्याच वेळानं लांबून गाडीचा आवाज आला. सिंधुबाई उठली, पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीशी येऊन आत हाक मारली.

"साहेब, एक गेलता, एक आला. लिवा आता, ओके."